दीर्घ दुखण्यातलं मन



वाचनालयाची ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते, ते लहानपणीच्या पोलिओनंतर जन्मभर कुबडी घेऊन वावरले, हे इथल्या जुन्या मंडळींना माहीत आहे. म्हणूनच असेल, निमंत्रण द्यायला आलेल्या कार्यकर्त्यांनी मला विषय सुचवला होता, 'आजारावर मात'. मी त्यांना म्हटलं, मात करण्यावर बोलणारे वक्ते आपल्याकडे पुष्कळ आहेत. मला ज्यांना मात करता येणार नाही त्यांच्याबद्दल बोलू द्या. आपलं दुखणं पूर्ण बरं होणार नाही, हे त्या माणसाला ठाऊक आहे, त्याच्या डॉक्टरांनाही ठाऊक आहे. तरी उद्या सकाळी उठून चहा टाकायचा आहे, पोरांचे डबे भरायचे आहेत, बँकेत जायचं आहे. अशा माणसाच्या मनाचं काय होतं?

माझा अधिकार काय, तेही आधी सांगते. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. रुग्णालयात 'वैद्यकीय समाजसेवक' नावाचं एक पद असतं. केसपेपरवर डॉक्टरांची सही झाली की पुढचं सगळं आमच्या टेबलावर येतं. योजनेची कागदपत्रं, रेशनकार्डाची झेरॉक्स, रक्त मिळवणं, नातेवाइकांची भांडणं मिटवणं, आणि रडणाऱ्या माणसाला खुर्ची देणं. नोकरीची सगळी वर्षं मी त्या टेबलामागे काढली. तिथून जे दिसलं ते सांगणार आहे. तीन मुद्दे काढून आणले आहेत. चौथा निघाला तर सांभाळून घ्या.

पहिला मुद्दा. लांबलेलं दुखणं माणसाचं नेमकं काय करतं?

आपल्या डोक्यात आजाराचं एक चित्र पक्कं बसलेलं आहे. ताप येतो, चढतो, औषध घेतो, उतरतो. अपघात होतो, प्लास्टर लागतं, निघतं. म्हणजे आजाराला सुरुवात आहे, शेवट आहे आणि मध्ये पेज आहे. आपली भेटायला जाण्याची रीत, रजेचे नियम, सहानुभूती, सगळं याच चित्रावर बेतलेलं. पण मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाचं काय? संधिवाताचं काय? सिकलसेलचं, मधुमेहाचं, पार्किन्सन्सचं, मणका तुटून कमरेखाली संवेदना गेलेल्या तरुणाचं काय? त्यांचा आजार येऊन जात नाही. तो घरात राहायला येतो.

डायलिसिसचंच घ्या. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चारेक तास. रुग्ण आपल्या भाषेत 'मशीनला लागलोय' म्हणतात. त्या चार तासांची कीव सगळ्यांना येते. पण उरलेल्या तासांत काय चालतं? पाणी मोजणं चालतं. पुष्कळांना दिवसाचं पाणी लिटरभराच्या आतबाहेर बसवायचं असतं, आणि त्या लिटरात चहा आला, आमटी आली, ताक आलं, औषधाच्या गोळीबरोबरचा घोट आला. मे महिन्यात बाहेर चाळीस अंश तापमान असताना माणूस तोंडात बर्फाचा खडा धरून बसतो. पोटॅशियम वाढू नये म्हणून केळं नको, शहाळं नको. आणि आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना हमखास काय नेतात? शहाळं! कोपऱ्यात शहाळ्यांची रांग लागलेली, आणि त्यांतलं एकही चालत नाही असा माणूस मधे बसलेला, हे मी किती वेळा पाहिलंय. आणणाऱ्याचं प्रेम खरं असतं. पण प्रेमानं आणलेली वस्तू पुन्हा पुन्हा नाकारावी लागणं, याचाही एक थकवा असतो.

मधुमेह तर आपल्याला आजारच वाटेनासा झालाय. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही. इतके लोक आहेत म्हटल्यावर त्यात विशेष ते काय, असं वाटतं. पण मधुमेही बाईच्या दिवसाकडे जरा बघा. लग्नघरी जिलबी घ्यायची की नाही. घेतली तर सासूची नजर, नाही घेतली तर यजमानांचा आग्रह. इन्सुलिन टोचायला आडोसा कुठं? साखर उतरली आणि चिडचिड झाली, तर 'स्वभावच तसा आहे'. दिवसभर लहानलहान निर्णय, आणि प्रत्येक निर्णयाचा निकाल तीन महिन्यांनी तपासणीच्या कागदावर छापून येणार. तो कागद डॉक्टरांपुढे ठेवताना प्रगतिपुस्तक दाखवणाऱ्या पोरासारखा चेहरा करणारे साठीचे गृहस्थ मला ठाऊक आहेत. मधुमेहाच्या या ताणाचं मोजमाप करणारी प्रश्नावली विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्येच तयार केली. म्हणजे हा ताण कुणाच्या मनाचा खेळ नाही, तो मोजता येतो.

मायकेल बरी नावाचे एक ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ होते. त्यांनी संधिवात झालेल्या माणसांशी बोलून १९८२ मध्ये एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत असं: अशा आजारात सांध्यांबरोबर चरित्रही मोडतं. माणसानं आपल्या आयुष्याची एक गोष्ट मनाशी रचलेली असते. मी शिकणार, मी घर बांधणार, मी निवृत्तीनंतर नर्मदा परिक्रमा करणार. ती गोष्ट मध्येच तुटते आणि पुढचं पान कोरं निघतं. आपल्याकडे माणूस गेला तर दहावं असतं, तेरावं असतं, लोक येऊन बसतात, रडायची मुभा असते, आणि मग हळूहळू घर वळणावर येतं. गेलेल्या तब्येतीचं तेरावं नसतं. त्या शोकाला कुणी भेटायलाही येत नाही, कारण माणूस तर समोर जिवंत बसलेला आहे. मग शोक करायचा कधी? आणि रोज थोडी थोडी तब्येत जाणार असेल, तर कितव्यांदा करायचा?

आता दुसरा मुद्दा. हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथं जरा रेंगाळणार आहे.

लांबलेल्या दुखण्यातल्या माणसाचं मन खचलं तर आपण काय म्हणतो? दोनच गोष्टी. एक, 'धीर धर, मन घट्ट कर.' दुसरी, 'एवढा आजार आहे म्हटल्यावर उदास असणारच की!' पहिली घरातले म्हणतात, दुसरी पुष्कळदा डॉक्टर म्हणतात. पहिलीत दोष रुग्णाचा ठरतो. दुसरीत दोष कुणाचाच ठरत नाही, आणि म्हणून तर ती जास्त घातक. नैसर्गिक आहे म्हटलं की विषय संपला. अहो, हाड मोडल्यावर दुखणं नैसर्गिकच आहे. म्हणून आपण वेदनाशामक देत नाही का?

मधुमेह असलेल्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतं. पक्षाघातानंतर साधारण तीनांतल्या एकाला नैराश्य गाठतं. म्हणजेच दोघांना गाठत नाही! हा आकडा मी मुद्दाम उलटा वाचून दाखवते. नैराश्य आजाराबरोबर अटळपणे येत असतं, तर तिघांनाही आलं असतं. काहींना येतं, काहींना येत नाही, याचा अर्थ तो एक वेगळा, निदान करता येण्याजोगा आणि उपचार करता येण्याजोगा आजार आहे. आणि काही दुखण्यांत तर तो बातमी कळल्याच्या धक्क्यानं येत नाही, मूळ रोगातूनच येतो. पार्किन्सन्समध्ये हाताची थरथर दिसायच्या आधी काही वर्षं उदासी सुरू झालेली असू शकते, कारण मेंदूतली रसायनं तेव्हापासूनच बदलू लागलेली असतात. संधिवातावर, दम्यावर, किंवा मूत्रपिंडाच्या काही विकारांवर दिली जाणारी स्टेरॉइड्स झोप उडवतात, मन वरखाली करतात. थायरॉइड मंदावलं की माणूस मंदावतो. अशा वेळी 'मन घट्ट कर' म्हणणं म्हणजे तापलेल्या माणसाला 'थंड हो' म्हणण्यापैकी आहे.

अडचण खरी आहे, हेही मान्य करायला हवं. ओळखायचं कसं? नैराश्याची चाचणी म्हणून जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, पीएचक्यू-९. त्या नऊपैकी झोप, थकवा, भूक आणि हालचालीतला संथपणा हे चार प्रश्न शरीराचे आहेत. डायलिसिसवरच्या माणसाला विचारा, थकवा आहे का? आहे. भूक? नाही. झोप? नाही. मग तो नैराश्याचा रुग्ण की मूत्रपिंडाचा? हा घोळ ओळखूनच झिगमंड आणि स्नेथ या दोघांनी १९८३ मध्ये रुग्णालयातल्या रुग्णांसाठी वेगळी मोजपट्टी केली आणि तिच्यातून शारीरिक लक्षणं वगळली. मग उरलं काय? पूर्वी ज्यात आनंद वाटायचा त्यात आजही वाटतो का? विनोदावर हसू येतं का? पुढच्या दिवसांकडे डोळे लागतात का?

ही खूण घरातल्या माणसांनीही लक्षात ठेवावी. अंथरुणाला खिळलेला माणूस नातवाच्या बोबड्या बोलावर हसतो, भारत-पाकिस्तान सामना लावायला सांगतो, भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरतो, तोवर तो दुःखी असेल, पण त्याचा धागा तुटलेला नाही. कुरकुरणारा आजारी माणूस मला नेहमी आवडत आला. ज्या दिवशी तो कुरकुरायचा थांबतो, काहीही दिलं तरी 'चालेल' म्हणतो, आणि मधेच 'माझ्यापायी तुमचे फार हाल' असं पुन्हा पुन्हा बोलू लागतो, तेव्हा सावध व्हायचं. गोळ्या चुकू लागतात, डायलिसिसचा एखादा वार बुडतो, पथ्य मोडलं जातं. सगळे त्याला बेजबाबदार म्हणतात. त्या बेजबाबदारपणाच्या तळाशी काय आहे, हे कोण विचारतं?

इथं एक जड आकडा सांगावाच लागेल. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. कारणांच्या यादीत कौटुंबिक प्रश्न पहिले, आणि त्यांच्या खालोखाल आजारपण, १८.४ टक्के. परीक्षेच्या ताणावर आपण अग्रलेख लिहितो, कर्जावर मोर्चे काढतो, आणि तेही केलंच पाहिजे. पण आजारपणावर? ही माणसं कुणा ना कुणा डॉक्टरकडे जात होती. त्यांच्या हातात केसपेपर होता, त्यावर रक्तदाब लिहिलेला होता, वजन लिहिलेलं होतं. मनाचा रकाना त्या कागदावर नव्हता.

आणि उपाय नाही असं थोडंच आहे? औषधं आहेत, समुपदेशन आहे, दोन्ही मिळून अधिक गुण येतो. मूत्रपिंड किंवा यकृत नाजूक असेल तर औषधाची निवड आणि मात्रा जपून ठरवावी लागते, म्हणून मानसोपचारतज्ज्ञ आणि मूळ डॉक्टर यांनी एकमेकांशी बोललं पाहिजे. आपल्याकडे हे दोन डॉक्टर एकमेकांशी रुग्णाच्या तोंडून बोलतात, ही खरी गंमत. बाकी, 'या गोळ्यांची सवय लागते' म्हणून अर्ध्यावर औषध सोडायला लावणारे सल्लागार प्रत्येक आळीत असतात. तेच सल्लागार मूत्रपिंडाच्या रुग्णाला कुठल्याशा पाल्याचा काढाही सुचवतात, आणि मग तो रुग्ण आमच्या वॉर्डात येतो. असो.

तिसरा मुद्दा. मनाच्या या हालांत आजाराचा वाटा किती आणि आपला वाटा किती?

अमेरिकेत गॅरी अल्ब्रेख्त आणि पॅट्रिक डेव्हलीगर यांनी अपंगत्वासह जगणाऱ्या १५३ जणांच्या मुलाखती घेतल्या आणि १९९९ मध्ये निष्कर्ष मांडले. गंभीर अपंगत्व असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी, ५४ टक्क्यांनी, आपलं आयुष्य चांगलं किंवा उत्तम आहे असं सांगितलं. बाहेरून बघणाऱ्याला हे खरं वाटत नाही. आपण चाकाच्या खुर्चीतला माणूस बघतो आणि मनात म्हणतो, मी असतो तर जगलोच नसतो. तो मात्र त्या वेळी दुपारच्या जेवणाला काय आहे याचा विचार करत असतो! मग उरलेल्यांचं काय? त्यांच्या बोलण्यात वेदना होती, थकवा होता, आपल्या शरीरावर आपला ताबा उरला नाही ही भावना होती. आपल्याकडे त्यात आणखी भर पडते, ती जिन्यांची, रांगांची, टक्क्यांची.

टक्के म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात अपंगत्व आहे त्यांना सांगायला नको. कायद्याचे लाभ हवे असतील तर प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के अपंगत्व हवं. रुग्णालयाच्या ओट्यावर दोन अनोळखी माणसं भेटली की पहिला प्रश्न, 'तुमचे किती निघाले?' पूर्वीच्या, १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यानं ते २१ केले. त्यात थॅलेसेमिया आला, हिमोफिलिया आला, सिकलसेल आला, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन्स आले. ही मोठीच गोष्ट झाली, कारण दिसत नाही ते दुखणं नाही, हा समज कायद्यानं मोडला. पण समाजानं मोडला का? गडचिरोली-नंदुरबारकडची सिकलसेलची मुलगी वेदनेचा झटका नसताना इतरांसारखीच दिसते. झटका आला की शाळा बुडते. मास्तर म्हणतात, नाटकं करते. मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांसाठी आणि कर्करुग्णांसाठी राखीव डबा असतो. त्यात हातपाय धड दिसणारा कर्करुग्ण चढला की आधी सगळ्यांच्या नजरांना उत्तर द्यावं लागतं, आणि ज्यांना खरोखर काहीच झालेलं नाही असे धडधाकट प्रवासी मात्र त्याच डब्यात दारात उभे! आपलं दुखणं रोज सिद्ध करत बसायचं, यानं माणूस दुखण्यापेक्षा जास्त झिजतो.

विषय निघालाच आहे म्हणून सांगते. या व्यासपीठावर यायला पायऱ्या आहेत, बाजूला उतार नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांनाही आज सत्कारासाठी इथं बोलावलं असतं तर कुणीतरी काखेत हात घालून वर आणलं असतं, आणि आपण टाळ्या वाजवल्या असत्या. वाचनालयाच्या विश्वस्तांनी राग मानू नये. दृष्टिहीन असलेल्या राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल देताना स्पष्ट केलं, की सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येण्यासाठीचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवून चालणार नाही, किमान निकष बंधनकारक केले पाहिजेत. तुम्ही म्हणाल, मनाच्या आरोग्यावरच्या भाषणात उताराचं काय काम? आहे. जो माणूस घराबाहेर पडू शकत नाही, मतदानाला, नाटकाला, मयतीला जाऊ शकत नाही, त्याला समुपदेशक काय सांगणार? लोकांत मिसळा?

कर्णबधिर माणसांची तर वेगळीच कोंडी. मन मोकळं करायचं तर भाषा हवी. सांकेतिक भाषा जाणणारा समुपदेशक आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी शोधून बघा. मग दुभाषी म्हणून आईला बसवतात, आणि पंचविशीच्या मुलीनं आईच्याच तक्रारी आईच्याच हातांनी डॉक्टरांना सांगायच्या!

आता तो चौथा मुद्दा आलाच, नायकांचा.

आपल्याला नायक फार आवडतात. बाबा आमट्यांचा मणका असा जर्जर झाला होता की त्यांना बसता येत नसे. उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं. त्या अवस्थेत १९८५ मध्ये ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो'साठी निघाले, वाहनात आडवे पडून. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि त्यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिलं. या माणसांपुढे मी हात जोडते. पण मग हीच नावं घेऊन शेजारी आपल्या शेजाऱ्याला काय म्हणतो? 'बघ, ते बघ! आणि तू साधा उठून बसत नाहीस.' संधिवात झालेल्या बाईनं सकाळी आखडलेल्या बोटांनी वेणी घातली, ही तिच्यापुरती लढाई असते. तिला पेटकरांचं पदक दाखवून काय मिळवतो आपण? शिवाय पेटकरांनाही अर्जुन पुरस्कारासाठी पुढची कित्येक दशकं वाट पाहावी लागली, हे त्या प्रेरणादायी गोष्टीत कुणी सांगत नाही.

मला त्यापेक्षा कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांची हकिगत जास्त शिकवते. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मकथन तुमच्या वाचनालयात असणारच. ऐन सोळाव्या वर्षी त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पुढे त्यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. आपण नेहमी हा पुढचा भाग सांगतो. पण मधल्या काळोख्या वर्षांत त्यांना बाहेर कुणी काढलं? उपदेश करणाऱ्यांनी नाही. स्वतःचंही कमरेखालचं शरीर लुळं असलेल्या बाबूकाका दिवाण यांची भेट झाली आणि असंही जगता येतं हे डोळ्यांना दिसलं. डोंगर चढून गेलेला नायक तिथं कामाचा नव्हता. त्याच रस्त्यावर आपल्यापुढे चार पावलं असलेलं माणूस हवं होतं.

समदुःखींच्या गटांचं महत्त्व नेमकं इथं आहे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी आणि कुटुंबांसाठी, मूळचे धुळ्याचे आणि कॅनडात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. २००४ चा 'देवराई' हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा सिनेमा याच विषयावरचा, तो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. अशा गटांत काय चालतं? बाहेरच्यांना वाटतं, सगळे मिळून रडत असतील. मी बसले आहे अशा बैठकांना. तिथं हसणं जास्त असतं. पार्किन्सन्समध्ये चालता चालता पाय एकदम जमिनीला चिकटल्यासारखे होतात. तेव्हा समोर एक रेघ आहे असं समजून ती ओलांडायची, की पाय सुटतो, हे शुभंकर सांगतो, शुभार्थी, म्हणजे रुग्ण, करून दाखवतो, आणि नवीन आलेल्याचा चेहरा उजळतो. ब्लाउजला हुकांऐवजी वेल्क्रो लावा. इन्सुलिन घेऊन यात्रेला जाताना काय करायचं. नवऱ्याला कसं सांगायचं. आणि, हो, मरणाबद्दलही मोकळेपणानं बोललं जातं, जे घरात कुणी बोलू देत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी दीर्घ आजारांसाठी जे अभ्यासवर्ग रचले, तेही प्रामुख्यानं रुग्णांनीच रुग्णांसाठी चालवायचे होते. लोरिग स्वतःही एका दीर्घ आजारासह जगत आल्या आहेत.

मी 'शुभंकर' म्हटलं. काळजी घेणाऱ्याला आमच्या क्षेत्रात हे सुंदर नाव मिळालंय, पण नाव सुंदर असलं म्हणून कामाचे तास कमी होत नाहीत. बहुतेक घरांत ही शुभंकर म्हणजे बायको, आई, सून किंवा लग्न न झालेली मुलगी. नवरा डायलिसिसवर असेल तर बायको डबा घेऊन बाहेरच्या बाकावर बसलेली असते. बायको डायलिसिसवर असेल तर? बाकावर तिची आई असते, भाऊ असतो. कधी कधी काही महिन्यांनी कळतं की तिला माहेरी पोचवून सासरचे मोकळे झाले. सगळेच तसे नसतात. पण बाकावर कोण बसलंय ते मी रोज बघत होते, म्हणून सांगते. त्या बाकावरच्या बाईला कुणी रजा देतं का? तिची पाठ दुखते, तिचा रक्तदाब वाढतो, आणि तिला राग येतो. आजारी माणसाचा राग येतो, मग त्या रागाची लाज वाटते. माझ्या टेबलासमोर सर्वांत जास्त रडल्या त्या याच बायका. तुमच्या नात्यात अशी कुणी असेल तर तिला फोन करून 'काही लागलं तर सांग' म्हणू नका. ती सांगणार नाही. रविवारी दुपारी तीन तास स्वतः जाऊन बसा, आणि तिला घराबाहेर पाठवा.

आता थोडं कामाचं, वहीत लिहून घेण्यासारखं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावं, असं हा कायदा सांगतो. दावा नाकारला तर गप्प बसू नका, लेखी कारण मागा. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी उपचार आणि पुनर्वसन मिळालं पाहिजे, हेही तोच कायदा सांगतो. त्यामुळे पोलिसांच्या भीतीनं घरातली गोष्ट दडवून ठेवायचं कारण नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, रात्रीही उचलला जातो, मराठीत बोलता येतं. ज्याला जिना उतरता येत नाही, त्याच्यासाठी ही सोय लाखमोलाची आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग चालतो, तिथं केसपेपर काढून जाता येतं.

सभागृहात डॉक्टर मंडळी बरीच दिसताहेत. त्यांना हात जोडून विनंती. तुमच्या डायलिसिस केंद्रात, मधुमेहाच्या दवाखान्यात, फिजिओथेरपीच्या खोलीत प्रत्येक रुग्णाला वजनकाट्यावर उभं करता ना, तेव्हाच दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का? मन खिन्न, निराश राहतंय का? उत्तर 'हो' आलं तर आणखी दोन मिनिटं थांबा, आणि पुढच्या डॉक्टरला चिठ्ठी लिहून द्या. जीव नकोसा झाला आहे का, हेही स्पष्ट विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो.

वाचनालयाच्या विश्वस्तांना एक मागणी. दर महिन्याच्या एका रविवारी ही खालची खोली दीर्घ आजार आणि अपंगत्व असलेल्यांच्या गटासाठी मोकळी ठेवा. भाडं घेऊ नका, भाषणं ठेवू नका, फक्त खुर्च्या आणि चहा ठेवा. साखर वेगळी ठेवा म्हणजे झालं. आणि व्यासपीठाच्या उताराचं काम पुढच्या व्याख्यानमालेच्या आधी पूर्ण करा. माझं मानधन मी त्या कामासाठी इथंच परत देते आहे. बाकीची रक्कम तुम्ही श्रोत्यांनी बाहेर पडताना दारातल्या पेटीत टाकावी.